मर्ज-उल-मौत आणि न लिहिलेली वसियत : 'बीइंग मॉर्टल'च्या निमित्ताने

या वार्षिकात समीक्षेसाठी बहुधा कथासंग्रह, काव्यसंग्रह, फार तर एखादे आत्मकथन निवडले जाते. आम्ही यंदा एका शस्त्रवैद्याचे इंग्रजी पुस्तक निवडले आहे. ते ललित नाही. मुस्लिम जीवनाशी त्याचा वरवर पाहता काही संबंध नाही. लेखक अमेरिकेत जन्मलेला आणि बोस्टनमध्ये शस्त्रक्रिया करणारा. तरीही हे पुस्तक आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हास वाटले, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की या पुस्तकाचे एक मूळ आपल्याच मातीत, यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावात आहे. दुसरे कारण आमच्या घरातले आहे. ते ओघाने येईलच.

डॉ. अतुल गावंडे यांचे 'बीइंग मॉर्टल' २०१४ साली प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ 'मर्त्य असणे'. उर्दूत आम्ही 'फानी होना' म्हणू. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, इंग्रजी बेताचेच. शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तक पुरे करायला आम्हाला उन्हाळ्याची अख्खी सुटी लागली. पण एखादा शब्द अडला म्हणून पान उलटून पुढे जावे असे कुठेही वाटले नाही. लेखकाची भाषा सोपी आहे. तो आपल्या चुका लपवत नाही. डॉक्टर असूनही तो रोग्याच्या खाटेशेजारी स्टूल घेऊन बसलेल्या नातेवाइकासारखा बोलतो.

पुस्तकाचा विषय थोडक्यात असा : वैद्यकशास्त्राने माणसाचे आयुष्य वाढवले, पण आयुष्याचा शेवट कसा असावा याचा विचार केला नाही. म्हातारपण आणि असाध्य आजार यांकडे डॉक्टर दुरुस्त करायच्या बिघाडासारखे पाहतात. दुरुस्ती होत नसेल तेव्हा काय बोलावे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. मग एक तपासणी, दुसरे औषध, तिसरी शस्त्रक्रिया, आणि अखेर अतिदक्षता विभागातली नळी. रोग्याला काय हवे होते, हे विचारायचे राहूनच जाते.

पहिल्याच प्रकरणात लेखकाचे आजोबा सीताराम गावंडे भेटतात. उमरखेडचे गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय विदर्भ-मराठवाड्यातल्या पुष्कळांना ऐकून माहीत आहे. त्यातले सीताराम ते हेच. त्यांना जवळजवळ एकशे दहा वर्षांचे आयुष्य लाभले. शेवटपर्यंत ते घोड्यावर बसून शेताला फेरी मारीत. घरात त्यांच्या शब्दाला मान होता, जेवताना पहिले ताट त्यांचे. लेखक म्हणतो की अमेरिकेत असते तर एवढ्या वयाच्या माणसाला वृद्धाश्रमात ठेवले असते आणि घोड्याला हातही लावू दिला नसता. उटीत ते आपल्या मर्जीने जगले आणि बसमधून उतरताना पडून डोक्याला मार लागल्याने वारले. हे वाचताना आपल्यापैकी प्रत्येकाला आपला एखादा दादा, नाना आठवेल. पण लेखक जुन्या काळाचे नुसते गोडवे गात नाही. वडीलधाऱ्यांच्या त्या सत्तेची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागत होती, हेही तो नोंदवतो.

मधली प्रकरणे अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांच्या इतिहासाची आहेत. आमच्या वाचकाला ती थोडी लांबलेली वाटतील. त्यातली एक हकिकत मात्र विसरता येत नाही. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृद्धाश्रमात बिल थॉमस नावाच्या तरुण डॉक्टरने दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पोपट आणले. ज्यांनी बोलणे सोडले होते ती माणसे बोलू लागली, आणि औषधांचा खप जवळजवळ निम्म्यावर आला. माणसाला जगायला निमित्त लागते, एवढाच त्याचा मथितार्थ.

पुस्तकाचा गाभा शेवटच्या तीन प्रकरणांत आहे. चौतीस वर्षांची सारा पहिल्या बाळंतपणाच्या तोंडावर असताना तिला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे कळते. तिचे डॉक्टर, तिचा नवरा, आई-वडील, सगळे तिच्यावर माया करणारे. एक औषध लागू पडले नाही की दुसरे, दुसरे नाही तर तिसरे. 'आता पुरे' हे शब्द उच्चारायचे कोणी, हा प्रश्न प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो. लेखक स्वतः तिच्या डॉक्टरांपैकी एक होता आणि आपणही तिला खोटी आशा दाखवली, अशी कबुली तो देतो. ही कबुली आम्हाला पुस्तकातली सर्वांत मोलाची जागा वाटली.

याच्या उलट ला क्रॉस या गावाची गोष्ट. विस्कॉन्सिन राज्यातल्या या लहान शहरात १९९१ पासून डॉक्टरांनी आणि इस्पितळांनी ठरवून एक रिवाज पाडला. अखेरच्या आजारात काय करावे आणि काय करू नये, याबद्दल प्रत्येकाशी आधीच बोलायचे आणि ते लिहून ठेवायचे. हृदय बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करावा का? श्वासासाठी नळी घालावी का? प्रतिजैविके द्यावीत का? नळीने अन्न द्यावे का? पाच वर्षांत तिथे अशी स्थिती आली की मरण पावणाऱ्या दर शंभरांपैकी पंच्याऐंशी जणांचा असा कागद तयार असे. आधी हे प्रमाण पंधरा होते. लेखकाने इथे एक बारीक गोष्ट दाखवली आहे. कागदापेक्षा त्या निमित्ताने घरात झालेले बोलणे महत्त्वाचे ठरले. वेळ आली तेव्हा नातेवाइकांना कागद शोधावा लागला नाही, कारण माणसाच्या मनात काय आहे हे त्यांना ठाऊक होते.

बी.एड.ला असताना प्रश्न कसा विचारावा यावर आम्हाला सरावपाठ घ्यावे लागले होते. ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच येते तो प्रश्न कच्चा, असे आमचे प्राध्यापक सांगत. या पुस्तकातली सूझन ब्लॉक ही डॉक्टर बाई तेच सांगते. 'नळी घालू का?' हा कच्चा प्रश्न झाला. पक्के प्रश्न असे : तुम्हाला आपल्या आजाराविषयी काय समजले आहे? भीती कशाची वाटते? वेळ थोडा असेल तर कोणती गोष्ट सर्वांत महत्त्वाची? आणि थोडे जास्त जगण्यासाठी काय काय सोसायची तयारी आहे? हे प्रश्न तिने आपल्या वडिलांनाही विचारले होते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्या विद्वान, निवृत्त प्राध्यापकाने उत्तर दिले की चॉकलेटचे आइस्क्रीम खाता आले आणि टीव्हीवर फुटबॉलचा सामना पाहता आला, तर जगायला आपली हरकत नाही. मुलगी चकित झाली. वडिलांना फुटबॉलची आवड आहे हेच तिला माहीत नव्हते. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला. पुन्हा शस्त्रक्रिया करावी की नाही, हे तीन मिनिटांत ठरवायचे होते. तिने डॉक्टरांना एवढेच विचारले, 'जगले तर आइस्क्रीम खाऊ शकतील? सामना पाहू शकतील?' उत्तर 'हो' आले, तिने होकार दिला. ते पुढे दहा वर्षे जगले. आधीच बोलून ठेवणे म्हणजे उपचार नाकारणेच असते, हा गैरसमज या एका हकिकतीने दूर होतो. इथे तर त्या बोलण्यामुळे उपचार झाला.

लेखकाचे वडील आत्माराम गावंडेही डॉक्टर होते आणि आई बालरोगतज्ज्ञ. वडिलांच्या पाठीच्या कण्यात गाठ निघते. बाप-लेक दोघे डॉक्टर असूनही बोलण्याची सुरुवात करताना लेखकाची जीभ जड होते. अखेर बोलणे होते आणि घरीच शुश्रूषा घेण्याचे ठरते. तरीही एका सकाळी वडील शुद्धीवर येत नाहीत असे पाहून आई घाबरते आणि ठरलेले सगळे विसरून रुग्णवाहिका बोलावते. वडील इस्पितळात शुद्धीवर येतात आणि घरी नेण्याचा आग्रह धरतात. त्या आईला कोण दोष देईल? हा प्रसंग आम्ही दोनदा वाचला, आणि पुस्तक मिटून बराच वेळ तसेच बसून राहिलो.

आता आमच्या घराविषयी. आमचे अब्बा एस.टी.त चालक होते. निवृत्तीनंतर त्यांना फुप्फुसांचा आजार जडला. फुप्फुसे हळूहळू कडक होत जातात आणि मागे फिरत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. २०१९च्या हिवाळ्यात एके दिवशी असरच्या नमाजनंतर ओट्यावर बसले असताना ते आम्हाला म्हणाले, "मेरेकू नळ्या-बिळ्या मत लगाव, बेटा. मेरी खाट, मेरा किबला, बस." आम्ही काय केले? जे कोणतीही लेक करील तेच. "अल्लाह न करे अब्बा, असं कशाला बोलता?" म्हणून चहा ठेवायला आत गेलो. अब्बा पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

दीड महिन्याने त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी इस्पितळात नेले. तिथे एका तरुण डॉक्टरने छापील कागद पुढे केला. भाईजानने सही केली. लेक म्हणून आम्हाला कोणी विचारले नाही, आणि अब्बा काय बोलले होते ते आम्हीही सांगितले नाही. बापाला मरू द्यायला निघाली, असे नातेवाईक म्हणतील या भीतीने तोंडाला कुलूप बसले. पुढचे अकरा दिवस अब्बा नळीवर होते. नळी उपसू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या गजांना बांधले होते. नळीमुळे बोलता येत नव्हते. भेटीच्या वेळेत आम्ही कानाशी कलमा पढत होतो. त्यांची उजव्या हाताची शहादतची बोट हलत होती, पण हात उचलता येत नव्हता. बाराव्या दिवशी पहाटे इन्तकाल झाला, तेव्हा आमच्यापैकी कोणीही आत नव्हते. अम्मीच्या बांगड्या आणि भाईजानचा पी.एफ. त्यात गेला. पण दुःख त्याचे नाही. आम्ही डॉक्टरांना दोष देत नाही, भाईजानलाही देत नाही. त्याने आपल्या परीने बापाची खिदमतच केली. दोष द्यायचा तर त्या चहाला, जो ठेवायला आम्ही उठून गेलो.

पुस्तक वाचून झाल्यावर एक विचार मनातून जाईना. गावंडे जे सांगतात ते आपल्याला नवे का वाटावे? वसियत हा शब्द तर आपल्या घराघरात आहे. ज्याच्याजवळ वसियत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्यावाचून दोन रात्रीही काढू नयेत, या आशयाची हदीस आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. सूरह माइदामध्ये वसियतीच्या वेळी दोन न्यायी साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. एवढेच नाही, तर आपल्या फिक्हमध्ये 'मर्ज-उल-मौत' अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. ज्या आजारात माणसाचा अंत होतो आणि ज्यात मृत्यूची धास्ती त्याला जाणवत असते, तो मर्ज-उल-मौत. त्या काळात माणसाने केलेला हिबा एकतृतीयांशापलीकडे चालत नाही, हे शरीयतचा थोडाफार परिचय असलेल्या कोणालाही माहीत असते. म्हणजे अखेरचा आजार ही आयुष्यातली वेगळी अवस्था आहे, तिचे वेगळे नियम आहेत, हे आपल्या फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वीच ओळखले होते. आपण मात्र त्या अवस्थेतल्या माणसाकडे फक्त मालमत्तेचा धनी म्हणून पाहिले. जमिनीचा तुकडा कोणाला, दागिना कोणाला, हे विचारले. त्याच्या देहाविषयी त्याला काय हवे, हा प्रश्न आपण वसियतीच्या बाहेर ठेवला. आमच्या मते आपल्या समाजातली खरी उणीव इथे आहे, आणि हे पुस्तक नकळत तिच्यावर बोट ठेवते.

सहीह बुखारीत पैगंबर (स.) यांच्या अखेरच्या आजाराची एक रिवायत हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आली आहे. आजारात घरच्यांनी त्यांच्या तोंडात एका बाजूने औषध घातले. या प्रकाराला 'लदूद' म्हणतात. त्यांनी खुणेने नको म्हटले. घरच्यांना वाटले की रोग्याला औषधाचा कंटाळा असतोच, त्याचेच हे नको म्हणणे. बरे वाटल्यावर त्यांनी विचारले की मी मनाई केली नव्हती का? आणि घरात हजर असलेल्या सर्वांना तेच औषध देण्यास फरमावले, हजरत अब्बास (रजि.) तेवढे वगळले, कारण ते त्या वेळी तिथे नव्हते. आम्ही आलिमा नाही. या रिवायतीतून मसला काढण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि तो आमचा हेतूही नाही. पण एक वाचक म्हणून त्यातला प्रसंग आम्ही पाहतो तेव्हा अंगावर काटा येतो. रोगी खूण करतो आहे, भोवती जीव लावणारी माणसे आहेत, आणि त्या मायेपोटीच ती खूण चुकीची वाचली जाते. अब्बांचे बोट आणि गावंडेंच्या आईने बोलावलेली रुग्णवाहिका, दोन्ही आम्हाला त्या प्रसंगाच्या उजेडात दिसू लागली.

दुसरी रिवायत फेफऱ्याचा आजार असलेल्या एका स्त्रीची. ती दुआ मागायला आली. तिला सांगितले गेले की तू सब्र केलास तर जन्नत आहे, आणि हवे असेल तर बरी होण्यासाठी दुआ करतो. तिने सब्र पत्करला, पण एक विनंती केली : झटका आला की अंगावरचे वस्त्र सरकते, तेवढे होऊ नये म्हणून दुआ करा. ती दुआ केली गेली. आजारातून सुटण्यापेक्षा आपली लाज राखली जाणे त्या स्त्रीला अधिक मोलाचे वाटले, आणि तिच्या निवडीचा मान राखला गेला. सूझन ब्लॉकच्या प्रश्नांचे याहून नेमके उत्तर कोणते असेल?

इथे काही वाचक विचारतील की ही खुदकुशी तर नव्हे? प्रश्न रास्त आहे. जीव घेणे आणि निष्फळ उपचार थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हराम आहे, त्यात शंका नाही. आपल्या कायद्यातही तो गुन्हाच आहे. दुसरीविषयी आपल्या विद्वानांनी विचार केला आहे. १९८१ साली कुवेतमध्ये तयार झालेल्या इस्लामी वैद्यकीय नीतिसंहितेने डॉक्टरला आपली मर्यादा ओळखायला सांगितले. जीवन परत येणार नाही हे निश्चित असताना केवळ यंत्रांच्या जोरावर देह टिकवून धरण्यात अर्थ नाही, अशी तिची भूमिका आहे. आपल्या देशात इस्लामिक फिक्ह अकादमीने २००७ साली या प्रश्नाचा विचार केला आणि डॉक्टरांनी आशा सोडलेली असेल तर कृत्रिम श्वासाचे यंत्र काढणे वारसांसाठी जाइज ठरवले. गावंडे स्वतःही मृत्यू देण्याच्या कायद्यांविषयी सावध आहेत. चांगला मृत्यू हे आपले ध्येय नव्हे, अखेरपर्यंत चांगले जगणे हे ध्येय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. तरी प्रत्येकाने आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारावे, आणि इस्पितळाच्या दारात नव्हे, धडधाकट असताना विचारावे.

पुस्तक आले तेव्हा, म्हणजे २०१४ साली, आपल्याकडे अशा कागदाला कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता. मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कडक अटींवर निष्क्रिय इच्छामरणाचा मार्ग मान्य केला होता, पण आधी लिहून ठेवलेल्या इच्छेचे काय, हे मोकळेच राहिले होते. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात येतो असे सांगून अशा कागदाला मान्यता दिली. त्या वेळी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे, त्यामुळे तो कागद सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही अट काढली. आता प्रौढ, शुद्धीवर असलेल्या माणसाने स्वखुशीने लिहावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोण बोलेल, त्याचे नावही त्यात घालता येते; एकाहून अधिक नावेही चालतात. तो मुलगाच असावा असे नाही. इच्छा कधीही बदलता येते. आणि कागद आहे म्हणून लगेच नळी निघते असेही नाही. डॉक्टरांची दोन मंडळे रोग्याची स्थिती तपासून निर्णय देतात. दोन साक्षीदारांची अट वाचताना आम्हाला सूरह माइदाची आयत आठवली.

हे सगळे सांगून झाल्यावर समीक्षक म्हणून पुस्तकाच्या उणिवाही सांगायला हव्यात. पहिली उणीव अशी की उटीच्या घरात आजोबांचे ताट कोणी वाढले, अंथरूण कोणी घातले, हे पडद्याआडच राहते. सुनांच्या तोंडून आपल्याला काही ऐकू येत नाही. आपल्या घरात म्हाताऱ्यांची शुश्रूषा बायकाच करतात, आणि कागदावर सही पुरुष करतात. हा भेद लेखकाच्या नजरेतून निसटला आहे.

दुसरी उणीव पैशाची. अमेरिकेत विमा असतो, घरी येऊन शुश्रूषा करणारी यंत्रणा असते. आपल्याकडे पुष्कळ रोगी घरी येतात ते इच्छेने नव्हे, तर पैसे संपले म्हणून. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर सही करून रोगी नेला जातो, आणि घरी वेदना शमवायला काहीच नसते. नुसता 'नळी नको' म्हणणारा कागद गरिबाच्या घरात उपेक्षेचे निमित्तही ठरू शकतो, हा धोका लेखकाने ओळखायला हवा होता. याचे उत्तर अमेरिकेपेक्षा आपल्या केरळमध्ये सापडते. कोझिकोडमध्ये १९९३ साली वेदनाशमन आणि परिहार सेवेसाठी एक संस्था सुरू झाली. पुढे मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्यात आणि आसपास शेजारीपाजारीच प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले. २००८ साली केरळ सरकारने याविषयी धोरणच जाहीर केले. आपल्या मोहल्ल्यांतून मय्यतीच्या सामानासाठी, डोल्यासाठी कमिट्या आहेत. जिवंतपणी अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी कमिटी का नसावी?

तिसरी उणीव सर्वांत मोठी. या पुस्तकातली माणसे मरताना आइस्क्रीम, टेनिस, पियानो, कुटुंब आठवतात, पण अल्लाहशी, ईश्वराशी बोलताना क्वचितच दिसतात. शेवटी वडिलांच्या अस्थी घेऊन लेखक वाराणसीला गंगेवर जातो, तेव्हा धर्म पुस्तकात येतो, तोही काहीसा पाहुण्यासारखा. आपल्याकडच्या माणसाला विचारले की काय महत्त्वाचे, तर तो म्हणेल : इशाऱ्याने का होईना नमाज पढता यावी, जिभेवर कलमा असावा, तोंड किबल्याकडे असावे, कोणीतरी सूरह यासीन पढावी, गुसल घरच्यांनी द्यावे. या इच्छा डॉक्टरच्या कागदावर बसत नाहीत असे कोणी समजू नये. शुद्ध राहील एवढेच वेदनाशामक द्या, हात बांधू नका, शेवटच्या घटकेला घरचा एक माणूस आत असू द्या, हे लिहिता येते. लिहिले पाहिजे.

शेवटी आपल्या साहित्याबद्दल थोडे. गावंडे पुस्तकाच्या आरंभी टॉलस्टॉयच्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या १८८६ सालच्या कथेची आठवण काढतात. त्या कथेत आजूबाजूचे सगळे रोग्याशी खोटे बोलतात. गेरासीम नावाचा खेडवळ नोकर तेवढा खोटे बोलत नाही. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यावर धरून रात्र रात्र बसतो. आमच्या उर्दू-मराठी वाचनात असा गेरासीम आम्हाला फारसा भेटलेला नाही. प्रेमचंदांच्या 'कफन'मध्ये झोपडीत बुधिया तळमळत असते आणि बाप-लेक बाहेर बटाटे खात बसतात. कोणीही आत जात नाही. ती न जाण्याचीच कथा आहे, आणि म्हणून थोर आहे. पण त्यानंतर आपण तरी कुठे आत गेलो? मुस्लिम मराठी कथेने तलाक, दंगल, गरिबी, बेरोजगारी यांविषयी निर्भयपणे लिहिले. त्या कथांतून मृत्यू पुष्कळ होतात. मात्र मरणाऱ्या माणसाच्या खाटेशी बसून त्याचे म्हणणे ऐकणारी कथा विरळा. एका ओळीत श्वास थांबतो, चादर ओढली जाते आणि कथा जनाज्याकडे वळते. घरात आम्ही जसे चहा ठेवायला उठलो, तसेच आपले लेखकही उठून जातात असे म्हटले तर राग मानू नये. खाटेजवळ थांबणाऱ्या कथेची आम्ही वाट पाहत आहोत.

पुस्तक संपल्यावर रमजानच्या एका संध्याकाळी, इफ्तारनंतर, आम्ही अम्मीजवळ बसलो. भाईजानही होता. "अम्मी, तुम्ही आजारी पडलात आणि बोलता आलं नाही, तर आम्ही काय करावं?" भाईजान गप्प झाला. अम्मी मात्र दचकली नाही. इतके दिवस कोणी विचारले नाही याचेच तिला नवल वाटत असावे. तिने आधी तसबीह बाजूला ठेवली. मग म्हणाली, डोक्यावर ओढणी राहू द्या, कितीही घाई असली तरी. सुया टोचायच्या तर टोचा, पण यंत्रावर ठेवून बाहेर बसू नका. आणि जिथे अजान ऐकू येते तिथे खाट ठेवा. भाईजानने विचारले, "आणि अब्बांनी काही सांगितलं होतं का?" तेव्हा आम्ही त्याला ओट्यावरचे ते बोलणे सांगितले. तो बराच वेळ रडला. आम्हीही रडलो.

अम्मीचे म्हणणे आम्ही वहीत लिहून घेतले आहे. साक्षीदार ठरले आहेत, नोटरीकडे जायचे आहे. तिच्या वतीने बोलणाऱ्यांत दोन नावे आहेत : भाईजानचे आणि आमचे.